ऑर्केस्ट्राबरोबर गावोगाव: भाच्याला सीझनभर पाठवावं का?

जतचा_मामा
मंडळी, सल्ला हवाय. माझा भाचा बावीस वर्षांचा. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालाय आणि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) बरा वाजवतो. गावच्या भजनात ढोलकीवर बसायचा, तिथून हे वेड. आता मिरजेकडच्या एका ऑर्केस्ट्रानं त्याला पूर्ण सीझनसाठी विचारलंय. गणपती, नवरात्र, मग जानेवारीपासून जत्रा, थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत. सांगली, सोलापूर, सीमाभाग, कधी मराठवाडा. बहीण म्हणते एमआयडीसीत चिकटायचं सोडून रात्री-अपरात्री टेम्पोतून कशाला हिंडायचं. भाचा म्हणतो एक वर्ष जाऊन बघतो. दोघंही मला मध्ये घालतायत आणि मी आयुष्यात ऑर्केस्ट्रा बघितलाय तो खुर्चीत बसून.

जे असे हिंडलेत त्यांनी सांगा. खाणं, झोपणं, पैसा, माणसं. 'कला हीच साधना' वगैरे नको, जे आहे ते.

रात्रीची_एसटी
झोपणं? 😄 वाचतोय.

काळी_चार
१९९४ ते २०११ कीबोर्डवर होतो, बहुतेक सीझन लातूर-बीड पट्ट्यात. मामा, गाणी वाजतात तीन तास. बाकीचा दिवस कसा जातो ते सांगतो.

सकाळी अकराला गाडी सुटणार म्हणजे साडेबाराला सुटायची. ढोलकवाला नेहमी शेवटी. चारच्या सुमारास गावात पोचायचं आणि स्टेज कुठाय विचारलं की मंडळाची पोरं बांबूंच्या ढिगाकडे बोट दाखवणार, "होतंयच की आता." मग पिंपांवर फळ्या, फळ्यांवर सतरंजी. माणूस चालला की कीबोर्डचा स्टँड डुलतो. ड्रमच्या पुढे दोन विटा लावायच्या, नाहीतर किक मारता मारता ड्रम सरकत सरकत पहिल्या रांगेतल्या सरपंचांपर्यंत जातो.

व्होल्टेजबद्दल तर विचारूच नका. स्टेजवरचे हॅलोजन लागले की कीबोर्ड बंद पडून पुन्हा चालू व्हायचा आणि चालू झाला की लावलेला टोन जाऊन नुसता पियानो. परळीजवळच्या एका गावात गणेशवंदनेतली सनई अशी मध्येच पियानो झाली. लोकांना वाटलं नवीन चाल आहे, टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात मी स्वतःचा स्टॅबिलायझर घेतला. ते धूड शेवटपर्यंत माझ्या मांडीवर.

आता कामाचं. ड्रायव्हरशेजारी ज्याची पाळी त्यानं झोपायचं नाही. आमच्या मालकानं दारू, भांडणं, उशीर सगळं चालवून घेतलं, पण पुढच्या सीटवर डुलकी काढणाऱ्याची पुढची नाइट बंद. तुमच्या भाच्यानं मालकाला पहिला प्रश्न हाच विचारावा: कार्यक्रम संपला की गाडी लगेच हाकता की ड्रायव्हरला झोपू देता? सामान भरून होईपर्यंत दीड-दोन वाजतात आणि तो माणूस सकाळपासून चाकावर असतो. माझ्या बरोबरीचे जे वादक गेले, त्यातले दोघं रस्त्यावर गेले. दारूनं नाही, झोपेनं.

पैसे नाइटवर असतात. नाइट झाली तर पैसे. पावसानं रद्द झाली तर अर्धे की शून्य, हे सीझनच्या आधी ठरवून घ्यायचं. मालकाच्या बाजूनं म्हणाल तर इसार घेतल्याशिवाय तारीख धरायची नाही आणि उरलेली रक्कम मध्यंतरात. शेवटच्या गाण्यानंतर खजिनदार सापडत नसतो.

ऑक्टोपॅडवाल्याचं एक बरं असतं. सामान एका पेटीत मावतं आणि दवानं सूर उतरत नाही. जानेवारीच्या जत्रेत रात्री ढोलकीची पुडी सैल पडते, तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये ढोलकी हॅलोजनसमोर धरून बसलेला माणूस तुम्हीही बघितला असेल.

मंडळाचा_खजिनदार
शेवटच्या गाण्यानंतर न सापडणारा खजिनदार हजर आहे.

काळी चार साहेब, दुसरी बाजूही येऊ द्या. दोन वर्षांपूर्वी पत्रकावर "बारा वादकांचा भव्य वाद्यवृंद" छापून आला होता. गाडीतून उतरले सहा. बाकीचे सहा कुठायत विचारलं तर कीबोर्डवाल्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला. आम्ही वर्गणी मागताना दारोदार बोलणी खातो. पोलिसांची परवानगी, स्पीकरची परवानगी, जनरेटरचं डिझेल, कलाकारांचं जेवण, वर चहा तीनदा. एवढं करून बासरी पेन ड्राइव्हमधून ऐकायची असेल तर माझ्या पोराचा मोबाइल काय वाईट आहे?

काळी_चार
खजिनदार, पेन ड्राइव्हचा राग मलाही आहे. २०११ला मी थांबलो त्यात तेही एक कारण होतं. पण सुपारी, म्हणजे कार्यक्रमाची ठरलेली रक्कम, किती कमी केलीत तेही लिहा की. बारा वादकांचे पैसे द्यायचे नाहीत आणि बारा मोजायचे.

मंडळाचा_खजिनदार
आकडा इथं लिहिला तर गावातली पोरं वाचतील.

गाणारी_बाई
काळी चार यांचं सगळं खरं, पण ती पुरुषांची बाजू झाली.

मी नगर, बीड, जालना भागात बरीच वर्षं गायले. दुपारनंतर पाणी प्यायचंच नाही, हा माझा पहिला धडा. गावात पोचल्यावर बाईमाणसानं जायचं कुठे ते कुणालाच ठाऊक नसायचं. बरोबरची पोरं टेम्पोमागे जाऊन यायची. मी घसा कोरडा ठेवून सात-सात तास काढायचे आणि मग वरच्या पट्टीतली लावणी गायची. दोनदा मूतखड्याचं दुखणं झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, उन्हात काम करता का.

कपडे बदलायला शाळेची खोली मिळायची, खिडकीला काच नसलेली. मग मी एक रीत धरली. गाडीतून उतरलं की मंडळाच्या लोकांशी बोलत बसायचं नाही, स्टेजसमोरच्या घरात शिरायचं. "काकू, पाच मिनिटं साडी बदलू का?" एवढं म्हटलं की पुढचं सगळं काकू बघायच्या. मोरीत गरम पाणी, चहा, अंगणातल्या अबोलीचा गजरा. एका काकूंनी तर कार्यक्रमभर स्टेजच्या पायरीशी बसून राखण केली आणि नंबर मागायला आलेल्या दोन पोरांना त्यांच्या आजोबांच्या नावानं ओळखून घरी पाठवलं.

२००५ मध्ये डान्सबारवर बंदी आली आणि मुंबईकडचे बरेच बार ऑर्केस्ट्राच्या परवान्यावर चालू लागले. त्यानंतर "ऑर्केस्ट्रात गाते" म्हटलं की बघायला आलेली माणसं एकमेकांकडे बघायची. आई मग "सुगम संगीताचे कार्यक्रम करते" असं सांगायला लागली. मामा, भाच्याला हे सोसावं लागणार नाही, पण त्याच्या गाडीतल्या गायिकेला लागेल. तेवढं त्यानं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

आणि हो, नवरात्रात दिव्यावर किडे असतात. आलाप घेताना तोंडात गेला तर गिळायचा. खोकायचं नाही.

रात्रीची_एसटी
ताई, शाकाहारी गायिकांनी काय करायचं?

गाणारी_बाई
तान छोटी घ्यायची.

डॉल्बी_नको
ऑर्केस्ट्रा मेला तो दोन गोष्टींनी, डॉल्बी आणि घड्याळ. डॉल्बीवर बोलायला नको, आमच्या सातारा-सांगलीकडं मंडळाचा निम्मा पैसा त्या स्पीकरच्या भिंतीतच जातो.

घड्याळाचं असं. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० साली आणि रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद, हे २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठाम केलं. वर्षातले ठरावीक पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, ते गणपती-नवरात्रातच खर्च होतात. मला नियम मान्य आहे, माझ्या घरात म्हातारी माणसं आहेत. पण गावात होतं काय? सात वाजता कार्यक्रम ठेवला तर माणसं गोठ्यात. धार काढून, डेअरीला दूध घालून, जेवून माणूस साडेआठला येतो. तेवढ्यात आमदारांची गाडी येते. मग शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक, मग दोन शब्द, मग आणखी कुणाचे दोन शब्द. सव्वानऊ. दहाला हवालदार स्टेजच्या कोपऱ्यात येऊन उभा. पूर्वी दहाला सुरू होऊन दोनला संपायचा तो कार्यक्रम आता पाऊण तासाचा राहिला. पाऊण तासासाठी बारा वादक कोण आणेल?

मंडळाचा_खजिनदार
हे मात्र शंभर टक्के. सत्कार नाही ठेवला तर वर्गणी नाही, ठेवला तर गाणी नाहीत.

झाडीतला
आमच्याकडची गोष्ट जरा वेगळी आहे जी, म्हणून लिहितो.

मी वडसा भागातला. झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा हा आमचा मुलूख. भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू होते, मंडई म्हटली की पाहुणे येतात, पाहुणे आले की रात्री नाटक. पुढे शंकरपट (बैलांच्या शर्यती) लागले की त्या गावात पुन्हा नाटक. कंपन्यांची कार्यालयं वडशाला, गावची पोरं तिथं येऊन तारीख ठरवून जातात. होळीपर्यंत हंगाम चालतो.

नाटक उघडते दहा-अकराला आणि संपते तेव्हा कोंबडा आरवत असते. संगीत जिवंत लागते. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, आम्ही स्टेजसमोर खड्ड्यात बसतो. पेन ड्राइव्ह लावला तर प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतील. नट रडला की सूर द्यायचा, विनोदी नट घसरला की ऑक्टोपॅडवर ठण्ण करायचे. नट रोज वेगळ्या जागी घसरते, म्हणून डोळा सारखा स्टेजवर. पुसात थंडी अशी की बोटं वाकत नाहीत. लोक तणसावर (धानाच्या पेंढ्यावर) घोंगडी टाकून बसतात, आम्ही दोन अंकांच्या मधात शेकोटीवर हात शेकून येतो.

पहाटे जंगलातून परत. ब्रह्मपुरीकडून येताना वाघ आडवा बसला म्हणून गाडी थांबवून ठेवलेली आहे. आत सारे गप्प, फक्त विगवाल्याचे घोरणे चालू. दिवसा झोप, संध्याकाळी दुसरे गाव.

पण मामाजी, तुमच्या प्रश्नाला धरून एक सांगतो. आमच्यातला कोणी नुसत्या नाटकावर नाही. माझी धानाची शेती आहे. आमचा तबलजी उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर (पानं गोळा करायच्या केंद्रावर) हिशोब लिहितो. ऑक्टोपॅडवाल्याचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. म्हणून आम्ही टिकलो. पावसाळ्यात काय करणार, ते भाच्याला विचारा.

डॉल्बी_नको
दादा, मस्त लिहिलंय. पण मग तुमच्याकडं दहाचा नियम कसा काय?

झाडीतला
ते आयोजकाला विचारा जी. मी खड्ड्यात बसतो.

पगारपत्रक
सगळे रम्य आठवणी काढताय म्हणून कडू बोलतो. मार्च २०२०. चैत्रातल्या जत्रा तोंडावर आलेल्या, तारखा भरलेल्या, आणि टाळेबंदी. ते वर्ष गेलं, पुढच्या वर्षी पुन्हा ऐन जत्रेत बंद. आमच्या गल्लीतल्या बेस गिटारवाल्यानं आधी गिटार विकली, मग अँप्लिफायर, मग भाजीचा गाडा लावला. आज त्याचा गाडा चांगला चालतो आणि गिटार परत घ्यायचा विषय काढला की त्याची बायको आत जाते. ना पीएफ, ना ईएसआय, ना अपघात विमा. हातात आयटीआय असताना हे कशाला? संगीत रविवारी करता येतं.

काळी_चार
जत्रा रविवार बघून येत नाहीत हो. आणि एमआयडीसीत कायम नोकरी मिळतेय असं समजून बोलू नका. आमच्याकडे आयटीआयची पोरं ठेकेदाराकडे असतात, अकरा महिन्यांनी गेट बाहेर.

विम्याचं मात्र मान्य. अपघात विमा मालक काढत नसेल तर स्वतः काढायचा, वर्षाला फार पैसे लागत नाहीत. हे मी वर लिहायला हवं होतं.

नारायणगाव_स्टँड
तमाशाच्या बाजूनं एकच सांगतो. आमच्या नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. लहानपणापासून बघतोय. मोठा फड म्हणजे शंभरावर माणसं, स्वतःचे ट्रक, तंबू, आचारी. ऑर्केस्ट्राची एक गाडी आणि पंधरा माणसं म्हणजे त्यापुढं सुटसुटीत संसार.

पण फडातली जी गोष्ट माणसाला खाते ती ऑर्केस्ट्रातही शिरलीय, ती म्हणजे उचल. पावसाळ्यात घरी खायला नाही म्हणून कलाकार मालकाकडून उचल घेतो. सीझनभर ती फिटते आणि पुन्हा पावसाळा येतो. एकदा उचल घेतली की आजारी असलं तरी नाही म्हणता येत नाही, दुसऱ्या पार्टीत जाता येत नाही. मोबाइल घ्यायला, गाडीच्या हप्त्याला, कशालाही असो. मामा, पोराला पाठवा, पण उचल घेऊ देऊ नका. अडीअडचणीला तुम्ही द्या.

मडगांवकार
आमच्या गोव्यात हे दुःख नाही. तियात्राला, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकाला, ट्रंपेट, सॅक्सोफोन, बेस, ड्रम असा बँड समोर बसतोच, आणि पडद्यांच्या (अंकांच्या) मधल्या कांतारांना, म्हणजे गाण्यांना, बँडशिवाय गत्यंतर नाही. माझे थोरले बंधू ट्रंपेटवर आहेत. दौरा म्हणाल तर सगळ्यात लांबचं गाव काणकोण. रात्री घरी येऊन उरलेली आमटी गरम करून जेवतात.

अवांतर: तियात्राचा पहिला प्रयोग मात्र गोव्यात नाही, १८९२ मध्ये मुंबईत झाला.

रात्रीची_एसटी
काणकोणला जाऊन आमटी खायला परत येणाऱ्यांनी या धाग्यावर लिहू नये. इथं लोक वाघामागे गाडी उभी करून बसलेत.

कोल्हापूरची_तिकटी
जेवणाचा विषय कुणी काढलाच नाही! भावा, आमच्या भागात यात्रेला गेलास तर मटण ठरलेलं. पण कार्यक्रमाआधी तांबडा पिऊन स्टेजवर चढलेला गायक मी बघितलाय. दुसऱ्या अंतऱ्याला ढेकर, तोही माइकमधून, तोही इकोसकट. वन्स मोअर मिळाला.

साउंडवाला_बाळू
सगळे ऑक्टोपॅडच्या मागे लागलेत. मामांनी पहिल्या पोस्टमध्ये काय लिहिलंय ते नीट वाचा. पोरगा इलेक्ट्रिशियन आहे!

अहो, प्रत्येक पार्टी त्याला डोक्यावर घेईल. लहान गावात स्टेजची लाइन कुठून येते माहितीय? देवळाच्या मीटरमधून, नाहीतर सरळ खांबावरून आकडा. अर्थिंगचा पत्ता नसतो. माइकला ओठ लागला की झिणझिण्या, आणि पाऊस झालेला असेल तर झिणझिण्यांवर थांबत नाही. मी पोचल्या पोचल्या आधी टेस्टर लावतो. मग लोखंडी सळई ओल्या जागेत ठोकायची, बुडाशी मीठ आणि बादलीभर पाणी, तिथून जाड वायर मिक्सरला. स्पीकरमधली घुंईऽ पण त्यानंच जाते. आकडा टाकलेला दिसला तर मी सामान उतरवतच नाही, जनरेटर आणा म्हणून सांगतो. शिव्या खातो, चालतं. वादकांना यातलं काही कळत नाही, ते फक्त "बाळू, आवाज वाढव."

पोरानं ऑक्टोपॅड वाजवावा आणि लाइनचं काम बघावं. दोन्हीचे वेगळे पैसे सांगावेत. आणि पावसाळ्यात गावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी वायंडिंग भरून द्याव्यात, वायरिंगची कामं करावीत. झाडीतल्या दादांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हातातच आहे.

गाणारी_बाई
बाळूदादा, पाया पडते तुमच्या. मी माइकला रुमाल गुंडाळून गायचे, लोक म्हणायचे बाईचा नखरा बघा. ओठाला चटका बसायचा म्हणून होता तो रुमाल. आमच्या गाडीत एक इलेक्ट्रिशियन असता तर!

पगारपत्रक
बाळूंचं पटलं. नुसत्या नाइटपेक्षा हे बरं. विम्याचं विसरू नका.

जतचा_मामा
मंडळी, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल बहिणीला सगळा धागा वाचून दाखवला. वाघापाशी तिनं "बंद कर" म्हणून सांगितलं, मग बाळूंचं आल्यावर परत वाच म्हणाली.

भाच्याला घेऊन मालकाला भेटून आलो. ड्रायव्हर एकच आहे, पण साठ किलोमीटरच्या पुढचं गाव असेल तर मुक्काम, देवळात किंवा शाळेत, आणि उजाडल्यावर निघायचं. रद्द झालेल्या नाइटचे अर्धे पैसे. विमा नाही, तो मी काढतोय. उचलीचं विचारलं तर मालक हसले आणि म्हणाले, "मामा, तुम्ही या धंद्यातले दिसता." लाइनच्या कामाचे वेगळे पैसे द्यायला आधी कुरकुर केली, पण त्यांच्या गायिका शेजारीच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "द्या हो, माझ्यातले कापा वाटलं तर." मग तयार झाले.

बहिणीचं म्हणणं, गणपती आणि नवरात्र करून बघ, दिवाळीत हिशोब मांडू. भाच्याला ते चाललंय. त्यानं कालच टेस्टर आणि सळई बाजूला काढून ठेवली.

काळी_चार
झकास. त्याला सांगा, पुढच्या सीटवर बसला तर ड्रायव्हरला गोष्टी सांगायच्या, गाणी लावायची नाहीत. गाण्यांनी दोघंही झोपतात.

मंडळाचा_खजिनदार
मामा, पार्टीचा नंबर निरोपात पाठवा. आमची सातव्या दिवसाची तारीख अजून रिकामी आहे. वादक किती येणार ते लेखी हवं.

काळी_चार
आणि इसार रोख.

मंडळाचा_खजिनदार
बघू.